झाकणं उघडून बघणारे पाळकसाहेब

आमच्या पाळकसाहेबांना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरायची खोड होती. बैठकीत खुर्ची दिली तर बसायचे नाहीत. "सलाम, सलाम" करत सरळ चुलीपाशी जायचे आणि एकेक झाकण उचलून आत डोकवायचे. भात किती उरला, भाकऱ्या किती, आमटी दाट का पातळ. मी नवीन लग्न होऊन आले होते, डोक्यावरचा पदर सावरत होते, तोवर या गृहस्थांनी माझी आमटी पळीनं चाखली, "तिखट झालीय बाई, पण चालेल" म्हणाले आणि अर्धं पातेलं आपल्या डब्यात ओतून घेतलं. सासूबाई नुसत्या हसत उभ्या. मला असा संताप आला म्हणून सांगू! एवढी मुभा माझ्या स्वयंपाकघरात मी सख्ख्या भावालाही दिली नसती.

तो डबा मग सायकलला लटकायचा आणि कंपाउंडाच्या भिंतीमागच्या वस्तीत जायचा. सगळ्या घरांचं अन्न एकाच डब्यात. माझ्या आमटीत कोणाची भाजी, त्यात कोणाचं वरण. मी म्हणाले, "पाळकसाहेब, निदान वेगळं वेगळं तरी न्या." तर म्हणतात, "पोटात गेल्यावर वेगळं राहतं का?" मी पुढच्या वेळेपासून आमटीला तिखट कमी घालायला लागले.

गाव तेव्हा औरंगाबादच होतं. आमचा कंपाउंड उस्मानपुऱ्याच्या बाजूला. मधे दगडी चर्च, कडेनं आमची घरं, कोपऱ्यात प्राथमिक शाळा. त्या शाळेत मी शिकवायचे. आमचे हे चिकलठाण्याच्या एका कंपनीत सुपरवायझर होते, आणि चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. त्या वर्षांत चिकलठाण्याला कंपनीमागून कंपनी उघडत होती. आमच्या कंपाउंडात दर दुसऱ्या दोरीवर कंपनीचा निळा शर्ट वाळत असायचा. पंखे आले, स्कूटरी आल्या, सोफे आले. सोफ्याबरोबर एक गप्पपणाही आला. आपले आजे-पणजे कुठल्या गावचे, गावात घर कुठल्या टोकाला होतं, हे कोणी बोलेनासं झालं. सगळ्यांचंच घर गावकुसाबाहेर होतं, मग बोलायचं काय? आता आम्ही मिशनची माणसं होतो, इस्त्रीचे कपडे घालणारी.

आणि नेमकं हेच आमच्या पाळकसाहेबांना खुपायचं. भर उपासनेत कोणाच्या तरी नव्या कोटाकडं बघून म्हणायचे, "ख्रिस्ती झालात ते कळलं. साहेब कधी झालात?"

दिसायला काटकुळे, उंच, डोक्यावर केस कमी आणि कानांवर जास्त. झग्याला बटणाऐवजी सेफ्टी पिन. प्रार्थना उघड्या डोळ्यांनी करायचे. लहान मुलांनी तक्रार केली की आम्हाला डोळे मिटायला लावता आणि तुम्ही टकामका बघता, तर म्हणाले, "मी डोळे मिटले तर उपाशी कोण बसलंय ते मला कसं दिसणार?" कधी उपदेश ऐन रंगात आला की मधेच थांबायचे. "पुढचं मला येत नाही. मी स्वतः अजून केलेलं नाही," म्हणायचे आणि खाली बसायचे. मंडळी एकमेकांकडं बघत राहायची. पेटी वाजवणाऱ्याला कळायचं नाही की गीत सुरू करायचं का थांबायचं.

संध्याकाळी शहागंजात जायचे. दुकानं आवरायच्या वेळेला भाजीवाल्यांपुढं सायकल उभी करून यांचं दख्खनी सुरू. "क्या मामू, कल तक सड जाती ना ये मेथी? फिर देव ना इधर." बागवान लोक त्यांना चांगले ओळखायचे. एकानं एकदा विचारलं, "पादरीसाब, तुम्हारे चर्च में पैसेवाले नहीं क्या?" त्यावर आमचे पाळक मोठ्यानं हसून म्हणाले, "हैं ना! लेकिन उनकी भाजी फ्रीज में रहती." ही गोष्ट स्वतःच येऊन आम्हाला सांगितली. आमच्या यांनी जेवणाचं ताट सरकवून दिलं. "हा माणूस मंडळीची अब्रू बाजारात मांडतोय," म्हणाले.

आमचे हे म्हणजे नियमाचा माणूस. घड्याळ पाच मिनिटं पुढं ठेवणंसुद्धा खोटेपणा समजणारे. आयुष्यात एक खोटं बोलले नाहीत, आणि त्याचा अभिमान इतका की ते खरं ऐकून घ्यायचं माझ्या जिवावर यायचं. त्यांचं आणि पाळकसाहेबांचं पटणं शक्यच नव्हतं. दर कमिटीनंतर हे घरी येऊन चपला आपटायचे आणि मला कळायचं, आज पुन्हा वाजलं.

एकदा मिशनकडून निरोप आला की अमेरिकेचे एक पाळक दोन दिवस मुक्कामाला येताहेत. झालं! चर्चला चुना लागला. कमिटीच्या अध्यक्षांच्या पत्नी रत्नमालाबाई, कंपाउंडातलं सगळ्यांत मोठं घर त्यांचं, त्यांनी कॅन्टोन्मेंटातनं काटे-चमचे मागवून आणले. गोरा साहेब येणार म्हणून पोरांकडून इंग्रजी गीत मी घोटून घेतलं. टॅक्सी आली. आतनं उतरले ते आपल्यापेक्षाही काळे, धिप्पाड, पांढऱ्या केसांचे, हसरे गृहस्थ. अध्यक्षांच्या हातातला हार हातातच राहिला. पाळकसाहेबांनी तो काढून घेतला आणि पाहुण्यांच्या गळ्यात घातला.

पाहुणे काटा-चमचा बाजूला ठेवून हातानं जेवले. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा मागून घेतला. रात्रीच्या सभेत ते बोलत आणि पाळकसाहेब मराठीत सांगत. म्हणाले, आमचे पणजे गुलाम होते. सुटल्यावर त्यांच्याकडं काही नव्हतं, म्हणून त्यांनी आधी चर्च बांधलं. शाळा त्यातच, आजाऱ्याची खाट त्यातच, विधवेचं पीठमीठ तिथूनच. पुढं आमच्यातली काही माणसं शिकली, चांगल्या वस्तीत राहायला गेली. आता ती रविवारी मोटारीतनं येतात, सुंदर गातात आणि मोटारीतनं परत जातात. चर्चच्या दाराबाहेरची माणसं मात्र आहेत तिथंच आहेत. मी माझ्या लोकांना विचारत असतो, आपण हे घर बांधलं कोणासाठी? मग त्यांनी आमच्याकडं बघितलं आणि सहज विचारलं, "तुमच्याकडं मागं चटईवर बसतात ते कोण?"

पुढं बाकं होती. त्यावर आम्ही. मागं चटया होत्या. त्यावर वस्तीतली माणसं, बिगारी, हमाल, भांडी घासणाऱ्या बाया. असं कोणी ठरवलं नव्हतं. पण तसं होतं खरं. मी पोरांना गीत म्हणायला उभं केलं, कसंबसं.

पाहुणे गेले आणि आमच्या पाळकांना जे भरतं आलं ते काही उतरेना. "सात समुद्रापलीकडचा माणूस येऊन आपलीच गोष्ट सांगून गेला," असं जो भेटेल त्याला सांगायचे. पुढच्या रविवारी आम्ही चर्चमध्ये गेलो तर बाकं गायब! सगळी शाळेच्या व्हरांड्यात रचून ठेवलेली. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत चटया. रत्नमालाबाईंचे गुडघे दुखायचे. त्या सबंध उपासना खांबाला टेकून उभ्या राहिल्या, रागानं लाल. शेवटी पाळकसाहेबांनी स्वतःच्या घरातली एकुलती एक खुर्ची आणून त्यांच्यामागं ठेवली. "ही गुडघ्यासाठी आहे," म्हणाले, "मानासाठी नाही." त्या दिवसापासून बाई त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. कमिटीत ठराव आला आणि बाकं परत आत गेली. पाळकसाहेब मात्र पुढं कायम मागच्या चटईवरच बसून उपदेश करत राहिले. मागच्यांना चांगलं ऐकू यायचं, पुढच्यांना माना वळवाव्या लागायच्या.

पुढचं आधीच सांगून टाकते. कमिटीनं त्यांना शेवटी काढलंच. नगरकडच्या कुठल्याशा खेड्यात पाठवलं. डबा, सायकल, खुर्ची, एवढंच सामान होतं. कारण लोक निरनिराळी सांगतात. पण मी तिथं होते. त्या शनिवारी काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्याच्या विरोधात मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांतनं दलित वस्त्या जळाल्याच्या बातम्या यायला लागल्या. शहरात बस जाळली, दगडफेक झाली, पुन्हा बंद. आमचे हे कंपनीतनं येईपर्यंत माझं कशात लक्ष लागायचं नाही. रस्त्यावर मोटार थांबली तरी मी खिडकीशी धावायचे. कंपाउंडात सगळे एकच वाक्य बोलायचे, "आपण ख्रिस्ती, आपला यात काय संबंध?" इतक्यांदा बोलायचे की ऐकणाऱ्याला कळावं, यांची झोप उडालीय.

अशात एका सकाळी शाळा उघडायला गेले तर चर्चचं दार उघडं. आत मागच्या चटईवर गाठोडी, लेकरं, म्हातारी माणसं. खेड्यातनं पळून आलेली काही घरं होती. शेतांतनं, ओढ्याच्या कडेनं चालत आलेली. पाळकसाहेबांना ती धान्यबाजाराकडं, मोंढ्याच्या बाजूला दिसली आणि त्यांनी सरळ घेऊन आणली. ना कमिटीला विचारलं, ना कोणाला सांगितलं.

त्यातल्या एका कुटुंबाशी माझी ओळख झाली. सखाराम नावाचा म्हातारा, त्याची सून गंगू आणि तिची दोन लेकरं. गंगू असेल विशीबाविशीची. कपाळभर कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. मी विचारलं, "नवरा कुठाय गं?" ती खाली बघायला लागली. म्हाताराच म्हणाला, "येतुया मागनं. जनावरांपायी ऱ्हायलाय." मी म्हटलं, देव करो आणि लवकर येवो. पण मला त्या पोरीचं नवलच वाटायचं. बाकीच्या बाया रडायच्या, शिव्या द्यायच्या, छाती पिटायच्या. ही नुसती बसून. तेही अगदी दाराशी. "आत ये की, इथं वारा लागतोय लेकरांना," म्हटलं तरी म्हातारा हात जोडायचा, "इथंच बरंय बाई. लई झालं इथंच."

त्या आठवड्यात माझ्या घरातलं वातावरण काय सांगू! पाळकसाहेब आता रोज दोन वेळा झाकणं उघडायला यायचे, आणि आमचे हे दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. कंपनीत कोणीतरी यांना विचारलं होतं, "तुमच्या चर्चमध्ये कोण लपलंय म्हणे?" विचारणारा सहज विचारत होता का धमकी देत होता, हे यांना कळेना. त्या रात्री जेवले नाहीत. मी म्हणाले, "अहो, माणसं आहेत ती. कुठं जातील?" तर म्हणाले, "तुला काय वाटतं, मला दिसत नाही? पण उद्या हे चर्च पेटलं तर आपली लेकरं कुठं जातील ते सांग." भीती मलाही होती. खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी कमिटी बसली. चर्च म्हणजे धर्मशाळा नव्हे, रविवारी उपासनेच्या आत ही सगळी माणसं बाहेर गेली पाहिजेत, असं ठरलं. नाहीतर त्यांच्याबरोबर पाळकांनीही घर मोकळं करावं. हे सांगायला यांनाच पाठवलं. मी दारातनं ऐकत होते. पाळकसाहेब सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, एवढंच सांगा, बाहेर म्हणजे कुठं?" आमचे हे वळून निघाले. घरी आले आणि पहिल्यांदाच चपला न आपटता काढल्या.

शनिवारी बंद होता. कंपन्या बंद, शाळा बंद, सगळे घरात. दहाच्या सुमाराला यांच्या हाताखालचा एक फिटर सायकल दामटत आला. शेतकरी घरचा, भला पोरगा. अंगणात पायसुद्धा न टेकवता म्हणाला, "साहेब, नाक्यावर माणसं जमलीत. तुमच्या चर्चचं नाव घ्यायलीत. गावाकडची माणसं बाहेर काढा म्हणतेत. मी सांगितलं म्हणून सांगू नका, पण बाया-लेकरांना घेऊन निघा." आणि तसाच मागं फिरला.

हे पाळकसाहेबांकडं धावले. पाळकसाहेबांनी पोलिसांना निरोप धाडला, पण पोलीस तरी कुठं कुठं पुरणार? मग हा माणूस घराघरांपुढं उभा राहून हाका मारायला लागला. "फाटकावर चला! नुसते येऊन उभे राहा, दुसरं काही करू नका!" एकेक दार आतनं लागत गेलं. अध्यक्षांच्या घराची तर खिडकीसुद्धा लागली. मी माझ्या दारात उभी होते. अंगणाच्या मधोमध ते एकटे उभे, झग्याची पिन सुटलेली, आणि चर्चच्या दारात ती खेड्यातली माणसं लेकरांना पोटाशी धरून. त्यांना कळलं होतं. ती नुसती बघत होती, आता हे लोक आपलं काय करतात.

आणि मग पाळकसाहेब घंटेच्या दोराकडं गेले.

आमच्याकडं उपासनेची घंटा वेगळी आणि मयताची वेगळी. उपासनेची घाईघाईची. मयताची संथ, एक ठोका, मग थांबा, मग दुसरा. ती ऐकली की मंडळीतलं कोणीतरी गेलं हे सगळ्यांना कळतं. मग भांडण असो, दुखणं असो, घरात कोणी राहायचं नाही. बापजाद्यांपासूनची रीत आहे. कॉलरा-प्लेगात जेव्हा आमच्या मयताला गावातलं कोणी खांदा देत नव्हतं, तेव्हापासूनची. ती कोणी मोडत नाही.

ती मयताची घंटा वाजली.

दारं उघडली. बघता बघता सगळी उघडली. माणसं शर्टाची बटणं लावत, टोप्या घालत, गीताची पुस्तकं घेऊन बाहेर आली. भिंतीमागची वस्ती आली. कॅन्टोन्मेंटकडनं सायकलींवर आले. अध्यक्ष काळा कोट घालून आले. कंपाउंड माणसांनी भरला. जो तो विचारतोय, कोण गेलं, कोण गेलं? अध्यक्षांनी पाळकसाहेबांचा दंडच धरला. "कोण गेलं, पाळकसाहेब?"

दोर हातात तसाच धरून ते म्हणाले, "अजून कोणी गेलेलं नाही. जाऊ नये म्हणून बोलावलंय."

अरे देवा, काय गलका झाला! "मयताची घंटा खोटी वाजवली!" अध्यक्ष ओरडले. "आजपर्यंत कोणी केलं नव्हतं हे! तुम्हाला या वेदीपुढं पुन्हा उभं राहू देणार नाही!" काही माणसं परत घराकडं वळलीसुद्धा. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर आरडाओरडा ऐकू आला आणि वळलेली माणसं जागच्या जागी थांबली.

जमाव मोठा होता. हातांत काठ्या, सायकलच्या चेना, एकाच्या हातात डबा, त्यात रॉकेलच असणार. माझी नजर आमच्या यांना शोधत होती, आणि ते मला फाटकाच्या सगळ्यांत पुढं दिसले. जमाव पुढं आला आणि थबकला. त्यांना पळणारी माणसं अपेक्षित होती. इथं फाटकभर माणसं उभी, हातांत पुस्तकं, डोक्यावरच्या टोप्या काढलेल्या, सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक. पुढच्या एकानं काठी खाली केली. विचारलं, "कोणाची मयत हाय?"

आणि मग मी आमच्या यांचा आवाज ऐकला. जन्मात खोटं न बोललेला माणूस. सरळ उभे राहून म्हणाले, "आमच्या घरातली आहे. जाऊ द्या आम्हाला आमच्या मातीला."

त्या माणसानं आमच्याकडं बघितलं, मागं बघितलं. मयत म्हटल्यावर मागचे दोघे-तिघे आपणहून बाजूला झाले. कोणीतरी पुटपुटलं, "चला रं, मयत हाय त्यांच्यात." एक दगड आला, भिंतीला लागला. मग तो घोळका हळूहळू वळला आणि दुसऱ्या रस्त्यानं गेला. मी तिथंच पायरीवर बसले.

आता इकडं काय झालं होतं, ते ऐका. मयताच्या घरी चूल पेटत नाही. म्हणून घंटा ऐकली की पुरुष फाटकाकडं जातात आणि बाया तवा ठेवतात. पिठलं-भाकरी करून त्या घरी न्यायची आणि पहिला घास आपल्या हातानं भरवायचा, कारण दुःखातलं माणूस स्वतःहून खात नाही. त्याला आम्ही कडू घास म्हणतो. कंपाउंडातल्या बाया मागच्या अंगणांत चुलींशी होत्या. त्यांना जमावाचं नीट कळलंच नव्हतं. त्या पदराखाली टोपल्या झाकून रांगेनं आल्या, रत्नमालाबाई सगळ्यांत पुढं. "कोणाच्या घरी न्यायचं?" त्यांनी विचारलं.

"कोणाच्याच नाही," अध्यक्ष म्हणाले. "घंटा खोटी होती. आपल्या पाळकांनी खोटी वाजवली."

बाईंचा चेहरा उतरला. पाळकसाहेब पुढं झाले. "बाई, रागवा मला नंतर. अन्न केलंच आहे, तर आतल्या लेकरांना द्या."

"कडू घास जित्या माणसांना वाढायचा?" रत्नमालाबाई कडाडल्या. "ज्यांच्या घरात कोणी मेलं नाही त्यांना? तुम्हाला रीतभात नाही ती नाही, पण त्या लेकरांच्या जिवावर तरी उठू नका!"

तेव्हा चर्चच्या दारातनं सखाराम उठला. पायऱ्या उतरून आला आणि बाईंपुढं हात जोडून उभा राहिला.

"आन माय ते हिकडं," म्हणाला. "आमच्यात हाय मयत."

कोणाला काही समजेना. मीच म्हणाले, "आजोबा, काय बोलता हे?"

"पोरगं गेलं माझं. हिचा मालक. वस्ती पेटली तवा म्हस सोडाया आत गेला, त्यो न्हाईच आला भाईर. माती सुदिक नाय दिली म्या त्याला. पळालो लेकरं घिऊन."

"पण मागनं येतोय म्हणाला होता ना तुम्ही?"

"खोटं बोललो बाई." म्हाताऱ्यानं पुन्हा हात जोडले. "सुतक हाय आमाला. सुतकाची मानसं देवाच्या घरात कोन घेतंय? भाईर काडलं असतं तर हितनं कुटं जानार व्हतो? म्हून हिला म्हनलं, कुकू पुसू नगं, बांगड्या ऱ्हाऊ दी, आन रडायचं नाय. अज्याबात रडायचं नाय. आत बी नाय गेलो आम्ही लई. देवाला इटाळ नगो म्हून दाराशीच ऱ्हायलो."

एवढा बोलणारा माणूस आमचे पाळकसाहेब, ते तिथल्या तिथं पायरीवर मटकन बसले. तोंडावर दोन्ही हात घेतले. या लोकांना आत घेण्यासाठी ज्यानं सगळ्या कंपाउंडाशी भांडण घेतलं, त्याच्याच दारात ती भीत भीत बसली होती, आणि त्याला कळलं नव्हतं. मग डोळे पुसून त्यांनी एवढंच विचारलं, "गेलेल्या लेकराचं नाव काय?"

"किसन."

पाळकसाहेब उठले. पिन सुटलेला झगा सारखा केला. मंडळीकडं वळून म्हणाले, "आपण किसनच्या मातीला आलो आहोत."

आमच्या यांनी पुस्तक उघडून मातीचं गीत सुरू केलं, बेसूर, नेहमीसारखंच. मग एकेक आवाज मिळत गेला. अध्यक्षही गायला लागले. रत्नमालाबाई टोपली घेऊन चर्चच्या पायऱ्या चढल्या, दाराशी गंगूपुढं जमिनीवर बसल्या आणि भाकरीचा तुकडा मोडून तिच्या तोंडाजवळ नेला. "घे बाळा. एक घास. खावाच लागतो."

गंगूनं ओठ घट्ट मिटून सासऱ्याकडं बघितलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. "रड आता, माय," म्हणाला, "आता रड."

आणि ती पोर रडली. रत्नमालाबाईंच्या खांद्यात तोंड खुपसून, अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशी रडली. आम्ही गीत थांबवलं नाही, आणि तिला गप्पही केलं नाही.